मुळशीच्या काठी एक रात्र

दिवाळीच्या सुटीत कुठे जायचे, यावर आमच्या घरी दरसाल आठ दिवस खल होतो आणि दरसाल तो कुठेच न जाण्याने संपतो. शिक्षकाचा पगार आणि कादंबऱ्यांचे मानधन यांची बेरीज करून पाहिली, की घरची गच्चीच काय ती हवेशीर वाटू लागते. गेल्या वर्षी मात्र माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गळच घातली. मुळशीच्या जलाशयाच्या काठी त्याच्या ओळखीच्या एका मावळी कुटुंबाने पाहुण्यांसाठी खोपट बांधले होते. कुडाच्या भिंती, वर कौले, पुढे पडवी आणि पडवीपासून वीस पावलांवर पाणी. "गुरुजी, एक रात्र राहून तर पाहा," तो म्हणाला, आणि निघता निघता सहज सांगावे तसे म्हणाला, "तिथे वीज मात्र नाही हं."

मुलांनी ते ऐकलेच नाही. पत्नीने ऐकले आणि मेणबत्त्यांचे पुडके पिशवीत टाकले. आमच्या आत्याने ऐकले, पण तिला ते पटेना. आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. चकल्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, "मुळशी म्हणजे टाटाची वीज होते तीच ना रे? मग तिथे वीज नाही, हे कसे?"

शाळेत मी वीस-बावीस वर्षे इतिहास शिकवतो आहे. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. जे काही आहे ते वाचनाने आणि मुलांच्या अडचणीत टाकणाऱ्या प्रश्नांनी आलेले आहे. पण आत्याच्या या प्रश्नासारखा नेमका प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नव्हता. त्याचे उत्तर त्या वेळी मी दिले नाही. गाडीची वेळ झाली आहे, असे सांगून वेळ मारून नेली.

आम्ही कल्याणहून पुण्याला आणि पुण्याहून पिरंगुट, पौड, माले असे करत मुळशीकडे गेलो. भात कापणीला आले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळी खाचरे, मध्येच आंबेमोहराचा घमघमाट, आणि मग एका वळणावर ते पाणी एकदम समोर आले. इतके पाणी, इतके शांत, की मुलेसुद्धा क्षणभर गप्प बसली. डोंगरांच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या आणि पाण्याचे फाटे त्या सोंडांमधून आत आत शिरलेले. मी कादंबरीकार असल्यामुळे असे काही पाहिले की उपमा शोधू लागतो. त्या दिवशी उपमा सुचली नाही. सारखे मनात येत होते, की हे तळे नव्हे, ही भरलेली खोरी आहेत. पाण्याच्या फाट्यांचा आकार शेताच्या वाटांचा आहे.

खोपट विद्यार्थ्याने सांगितले होते तसेच निघाले. घरधनी सत्तरीच्या घरातले. त्यांचे स्वतःचे घर वर वाडीत. तिथे वीज आहे. खाली पाण्याकाठी तार आणलेली नाही. छपरावर हाताएवढा एक सौरदिवा होता, पण दोन दिवसांच्या ढगाळ हवेमुळे तो रुसला होता. बाबांनी दोन कंदील पुसून ठेवले होते, काचा अगदी लख्ख. मुलीने कंदिलाची वात वर करून पाहिली, काच काळी केली आणि बोलणी खाल्ली. मुलाचा मोबाईल संध्याकाळी सहालाच मालवला, तेव्हा आजोबा वारल्यासारखा त्याने चेहरा केला.

मग अंधार पडला. शहरातल्या माणसाला अंधार म्हणजे काय ते ठाऊक नसते. आम्ही ज्याला अंधार म्हणतो तो कमी उजेड असतो. इथे पाणी, डोंगर, आभाळ सगळे एक झाले आणि पडवीत दोन कंदिलांपुरती आमची दुनिया उरली. बाबांच्या कारभारणीने कंदील आणून ठेवला आणि त्याला हात जोडले. लगेच आत्यानेही जोडले. मला एकदम माझे आजोबा आठवले.

आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून चौदाव्या वर्षी मुंबईला आले, ते साल १९३० च्या आसपासचे. गिरणीत साच्यावर त्यांनी आयुष्य काढले. चाळीतल्या खोलीत विजेचा एक दिवा होता. संध्याकाळी तो लावला, की आजोबा बटणावरून हात काढून तो कपाळाला लावत. आत्या सांगते, की कुणी त्यांना त्यावरून हसले तर ते म्हणत, "अरे, गावाला माझ्या आईने आयुष्यभर चिमणीत सुई ओवली. आणि ही बघ, डोंगरातून आलेली लक्ष्मी." वीज डोंगरातून, पाण्यातून येते, हे त्यांना ठाऊक होते, साच्यावरच्या माणसांना ते ठाऊक असे. कुठल्या डोंगरातून, कुणाच्या पाण्यातून, हे मात्र त्यांनी विचारले नाही. विचारण्याजोगी त्यांची परिस्थितीही नव्हती.

आत्याचा प्रश्न तिथे पुन्हा निघाला, आणि या वेळी उत्तर देण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुले पांघरुणात शिरून ऐकत होती. बाबा उंबऱ्याशी बसले होते. त्यांच्यासमोर त्यांच्याच खोऱ्याचा इतिहास सांगायचा म्हणजे मला ओशाळल्यासारखे होत होते. पण त्यांनीच "सांगा, गुरुजी" म्हटले.

मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा यायचा दूर बंगालकडून, आणि चिमण्यांच्या धुराने शहर काळवंडून जाई. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात अपरंपार पाणी पडते आणि माथ्यापासून कोकणाच्या तळापर्यंत दीड हजार फुटांहून अधिक उतार आहे. हे पाणी माथ्यावर अडवावे, नळांतून खाली सोडावे आणि त्या जोरावर वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ साली वारले. त्यांच्यामागे १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला धरणाचा पाया घातला गेला आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. मग आंध्रा खोऱ्याचे धरण, त्याचे भिवपुरीचे वीजघर १९२२ चे. तिसरे मुळशीचे. पहिल्या दोन्ही ठिकाणीही गावे उठली असणार. पण मुळशीचे लोक उठेनात.

कल्पना म्हणून ती आजही थोर वाटते, हे मी मुलांपासून लपवले नाही. धूर नाही, राख नाही, पाऊस दरसाल येणारच. मुळा नदी मूळची पूर्वेकडे वाहणारी. पुण्याला मुठेला मिळून, पुढे भीमेतून आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारी. तिला अडवून, डोंगराला भोक पाडून, पश्चिमेला भिऱ्याकडे खाली सोडायचे. म्हणजे नदीचे तोंडच फिरवायचे. आजही भिऱ्याचे पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला जाते, आणि कोलाडला जी तरुण मंडळी रबरी होड्यांतून त्या प्रवाहावर आरडाओरडा करत जातात, ती या मुळशीच्या पाण्यावरच.

पण मुळा आणि नीला यांच्या संगमापाशी जिथे धरण घालायचे ठरले, तिथे मागे पन्नासाच्या आसपास गावे होती आणि दहा हजारांहून अधिक माणसे. जमीन आंबेमोहराची. हे मावळे म्हणजे ज्यांच्या पूर्वजांची नावे आपण शिवचरित्रात अभिमानाने घेतो ते. त्यांना कुणी विचारले नाही. शेतांत चाचणीचे चर खणले जाऊ लागले, तेव्हा लोकांना कळले की आपल्या जमिनीचे काही तरी ठरले आहे. सरकारपाशी १८९४ चा भूमिसंपादनाचा कायदा तयार होता. त्या कायद्याने कंपनीसाठी जमीन घेता येत होती आणि मालकाच्या हाती मोबदल्याच्या रकमेवर भांडण्यापलीकडे फारसे काही उरत नव्हते.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. त्या दिवशी सुमारे बाराशे सत्याग्रही धरणाच्या जागी जाऊन बसले. त्यांत मावळे होते, बायका होत्या, पोरे होती, पुण्याहून आलेले स्वयंसेवक होते. कामकरी हत्यारे ठेवून उभे राहिले आणि काम थांबले. असहकाराच्या चळवळीचे ते पहिले भरतीचे दिवस. पुण्याचे पुढारी या लढ्यात उतरले होते, 'केसरी'च्या गोटातले न. चिं. केळकर होते. शिवरामपंत परांजपे पुढे १९२२ साली याच लढ्यासाठी तुरुंगात गेले. विनायकराव भुस्कुटे गावोगाव हिंडले आणि पुढे त्यांनीच या लढ्याची हकीकत लिहून ठेवली. गांधीजींनी त्याच एप्रिलमध्ये 'यंग इंडिया'त लिहून टाटांना विनंती केली, की कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून न बसता या लोकांशी बोलावे. थोडे दिवस काम तहकूब राहिले. लोकांना वाटले, जिंकलो.

१९२१ च्या डिसेंबरात काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहही. 'जान किंवा जमीन' अशी घोषणा होती. शेकडो माणसे तुरुंगात गेली.

इथे मी थांबलो, कारण पुढचा भाग सांगायला अवघड आहे. लढा कंपनीच्या पैशाने आणि सरकारच्या पोलिसांनी मोडला, असे सांगितले की गोष्ट सोपी होते. पण तेवढेच खरे नाही. त्या खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावावर होत्या आणि मावळे त्यांची कुळे होते. जमीनदाराला जमीन म्हणजे रक्कम. मोबदला बरा मिळतो आहे असे दिसताच त्यांच्यातल्या पुष्कळांचे मन तडजोडीकडे वळले. जो जमीन कसत होता त्याच्यापुढे प्रश्न वेगळाच होता. रक्कम हातात आली तरी तो भात कुठे लावणार? आणि ज्याचे नावच सातबाऱ्यावर नाही, त्याच्या हातात रक्कम तरी काय येणार? बुडणारा एक आणि सही करणारा दुसरा, अशी ती गत होती. माझ्या मते मुळशीचा पराभव धरणाच्या भिंतीपाशी झाला नाही. तो पुण्यात, बैठकीत, तक्क्याला टेकून झाला. हे मत पंडितांना उतावळे वाटेल. वाटो.

"आमची आजी हेच म्हणायची," बाबा उंबऱ्यावरून म्हणाले. "ती नवी नवरी होती तवा. म्हणायची, भात आमच्या हातचं आन् जमीन कागदाची."

आत्या म्हणाली, "आणि तुमचे सेनापती?" तिला बापटांचे नाव माहीत होते.

पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे. सरकारी नव्हे, पण मंगळदास नथुभाई यांच्या नावाची शिष्यवृत्ती घेऊन एडिंबरोला शिकायला गेलेले, आणि तिथून पॅरिसला जाऊन बाँबची विद्या शिकून आलेले. परत आल्यावर हा माणूस गावचे रस्ते झाडी. मुळशीच्या लढ्याने त्यांना 'सेनापती' केले आणि ती पदवी नावालाच चिकटली. तुरुंगात जायचे, सुटायचे, पुन्हा मुळशीला यायचे. शेवटी एकेक करून सगळे पांगले. पुढारी दुसऱ्या कामांना लागले, कुळांपैकी काहींनी मिळेल ते घेतले, भिंत वर चढत राहिली. तेव्हा ९ डिसेंबर १९२४ रोजी बापटांनी मूठभर साथीदारांसह, हत्यारे घेऊन, धरणाच्या कामावरची गाडी रुळांवर अडवली. अहिंसेचे व्रत तिथे संपले. त्याने धरण थांबणार नव्हते, हे बापटांइतके कुणाला ठाऊक असणार? सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ साली ते सुटले. त्यांनी गाडी अडवली त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३ फेब्रुवारी १९२५ ला, मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवरची पहिली आगगाडी धावली आणि लोकांनी तिच्यावर फुले उधळली असतील. मुळशीचे पाणी अडले आणि भिऱ्याचे वीजघर १९२७ साली चालू झाले. सेनापती तुरुंगात होते.

मुलगी पांघरुणातून म्हणाली, "बाबा, आमच्या पुस्तकात हे किती ओळी आहे?"

मी म्हटले, "फार नाही."

राजेंद्र व्होरा यांचा या लढ्यावरचा इंग्रजी ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच्या नावातच याला धरणविरोधाची जगातली पहिली चळवळ म्हटले आहे. जगातली पहिली, आणि कल्याणच्या वर्गात मी ती तासाच्या शेवटी, घंटा होता होता उरकत आलो. कायद्याचे म्हणाल, तर तो १८९४ चा कायदा स्वराज्यातही आपण तसाच वापरला. कोयनेला वापरला, आणखी किती ठिकाणी वापरला. २०१३ साली त्याच्या जागी नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो अंमलात आला. म्हणजे एकशेवीस वर्षे तो जगला. माणसाला इतके आयुष्य मिळत नाही.

आता आजोबांचे. त्या रात्री कंदिलापाशी बसून मला पहिल्यांदाच वाटले, की ही गोष्ट आमच्या घराचीही आहे. आजोबा मुंबईला आले तेव्हा भिऱ्याची वीज सुरू होऊन तीन-चार वर्षे झाली होती. त्यांचा साचा कुठल्या वीजघरावर चालत होता, ते सांगता यायचे नाही. तारेत शिरल्यावर पाण्याला गाव राहत नाही. पण त्या साच्यावर आमचे घर उभे राहिले. आत्या शिकली, माझे वडील शिकले, मी मास्तर झालो. विजेने गिरणीकामगाराचे सोने केले, असेही कुणी समजू नये. विजेचे दिवे लागले तेव्हा मालकांनी दिवस लांबवला, गिरण्या रात्रीपर्यंत चालू ठेवल्या आणि १९०५ साली कामगार त्याविरुद्ध रस्त्यावर आले होते. म्हणजे इकडे ज्याचे शेत गेले तोही मावळा आणि तिकडे ज्याची झोप गेली तोही कुठला तरी कुणबीच. दोघांची गाठ कधी पडली नाही.

आणि गंमत पाहा. त्याला गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. ज्या गिरण्यांसाठी म्हणून हे खोरे भरले, त्या १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या. आजोबांच्या गिरणीच्या जागी आज काचेची इमारत आहे. आत जाताना पिशवी तपासून घेतात. साचे भंगारात गेले, भोंगे थांबले. पाणी आहे तिथेच आहे. त्याची वीज आजही होते आणि मुंबईत कुठे ना कुठे जळते. त्या काचेच्या इमारतीतही जळत असेल.

मी बाबांना विचारले, "तुमच्या वाडीला वीज केव्हा आली?"

ते हसले. "माझ्या लग्नानंतर. मुंबईची सगळी गल्ली फिरून दमली, मग म्हनली, जाते मायारी."

आत्याला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते, पण ती काही बोलली नाही. चकल्यांचा डबा उघडून तिने बाबांपुढे सरकवला. मुले झोपली होती. कंदील बारीक केला तेव्हा आभाळ दिसू लागले. इतके तारे, की ते पाण्यात पडून दोन आभाळे झाली होती, आणि पत्नी हळूच म्हणाली की वीज नाही ते बरेच झाले. मी काही उत्तर दिले नाही. एक रात्र वीज नसणे आणि पन्नास वर्षे वीज नसणे, यांतले अंतर त्या वेळी तिला समजावणे क्रूरपणाचे झाले असते, आणि तारे खरोखरच सुंदर होते.

पहाटे थंडी पडली. बाबांच्या कारभारणीने चुलीवर पाणी तापवून दिले, नाचणीच्या भाकऱ्या आणि लसणीचा ठेचा दिला. मुलाने दोन भाकऱ्या खाल्ल्या. घरी तो नाचणीचे नाव काढू देत नाही.

निघताना बाबांनी होडीतून पलीकडच्या रस्त्यापर्यंत पोचवले. पाणी आरशासारखे होते, धुके त्याच्यावरून सरकत होते. मध्यावर आल्यावर त्यांनी वल्हे पाण्यातून उचलून धरले. "इथं खाली," ते म्हणाले. "चैत-वैशाखात पाणी उतरलं की जोत्याचं दगड वर येत्यात. वाडा मोठा नव्हता. पन दारात हीर होती."

आम्ही सगळे वाकून खाली पाहू लागलो. काही दिसले नाही. हिरवट पाणी आणि त्यात आमचे चेहरे. मुलाने विचारले, "विहिरीत पाणी होतं?" आणि मुलीने त्याला कोपराने ढोसले, कारण प्रश्न वेडगळ होता. सगळीकडे पाणीच तर होते.

आत्या मात्र तशीच वाकून पाहत होती. मग तिने बाबांकडे तोंड केले.

"गोड होतं का हो त्या विहिरीचं पाणी?"

बाबांनी वल्हे पाण्यात घातले. "आजी म्हनायची, गोड होतं," ते म्हणाले, आणि होडी पुढे निघाली.